तणाचं तेल आणि नणंदेची जीभ

संशोधन केंद्रात तिला सगळे ‘तणवाली’ म्हणत. बाकीचे शास्त्रज्ञ वाफ्यातलं तण उपटायचे आणि ही तेच मुद्दाम पेरायची. मोहरीच्या गोतातलं, रस्त्याकडेला कुठेही उगवणारं, बारीक पांढऱ्या फुलांचं रोप. बियांत तेल भरपूर, पण इतकं कडू आणि उग्र की गुरंही तोंड लावत नसत. त्याचं खायचं तेल करायचंच, हे तिने उमेदीच्या वयात मनावर घेतलं, आणि करता करता केस पिकले.

काम मोठं चिकाटीचं. फूल उमलायच्या आत चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या रोपाचे पराग लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची. मग बी धरेपर्यंत वाट बघायची, ते पेरायचं, आणि ढीगभर रोपांतून एखादं बरं निघालं तर तेवढंच पुढे न्यायचं. कडूपणा किती, ते यंत्र सांगे. पण तेल घशाखाली उतरेल का, हे ती स्वतःच हुंगून, चाखून ठरवायची.

आणि घात झाला तो नेमका तिथेच. एका हिवाळ्यात तिला तापाने लोळवलं. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण हुंगा नाहीतर रॉकेल, सगळं सारखंच. जिभेला गोड-कडू तेवढं कळे, बाकी सगळा भुसा.

“आकड्यांवर भागवू,” केंद्राचे प्रमुख म्हणाले.

“आकड्यांत कुणी बटाटे तळतं का, सर?”

तिने नवऱ्याला चाखायला लावलं. तो बिचारा प्रत्येक वाटीला “छान आहे” म्हणायचा. सहकारीही तिचं मन मोडायला धजेनात. तिला कौतुक नको होतं, खरं हवं होतं. विचार करता करता तिला थोरली नणंद आठवली.

नणंद मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. लग्न झाल्यापासून वहिनीच्या हातचं तिला काही म्हणता काही रुचलं नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी! “तुमच्या ताई नाकाने कांदे सोलतात,” असं तणवालीने नवऱ्याला कितीदा ऐकवलं असेल. तरी ती गेली.

“ताई, एक काम होतं. माझ्या तेलाला नावं ठेवायला याल का?”

“चेष्टा करतेस माझी?”

“नाही हो. तापापासून मला वासच येत नाही. आणि तुमच्याइतकं तोंडावर खरं बोलणारं माझ्याजवळ कुणी नाही.”

नणंद चष्मा काढून पदराने पुसत राहिली. “एवढं झालं आणि मला आत्ता सांगतेस?” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण उठून तिने वहिनीपुढे पाण्याचा पेला ठेवला.

दुसऱ्याच दिवशी नणंदबाई प्रयोगशाळेत हजर. चमचा जिभेला लावायची आणि निकाल द्यायची. “हे ओल्या फडक्यासारखं लागतं.” “हे कुणी काढलं? बोलवा त्याला!” ती आत आली की मोठमोठे डॉक्टरेटवाले उठून उभे राहत. एकदा तिने एक तेल “खवट, फेकून द्या” म्हणून सरकवलं. ते तुलनेसाठी ठेवलेलं बाजारातलं ताजं तेल निघालं, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात वापरायची तेच.

“मग आजपासून तेही बंद,” ती शांतपणे म्हणाली. सगळे पोट धरधरून हसले, तणवाली तर खुर्चीतच कोसळली.

असे बरेच हंगाम गेले. एका सकाळी नणंदेने चमचा ठेवला आणि काही बोलेचना.

“काय लागतंय, ताई?”

“काही नाही.”

तणवालीचा चेहरा पडला. “काही नाही म्हणजे?”

“म्हणजे नाव ठेवण्यासारखं काही नाही. उगाच कशी ठेवू?” असं म्हणून तिने वाटी पुन्हा पुढे ओढली.

यंत्राचे आकडेही जुळले. पुढे रीतसर तपासण्या झाल्या, वाण मंजूर झाला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तो पहिल्यांदा पेरला. वास काही परतला नाही. आता तणवालीला त्याचं फारसं काही वाटतही नाही. शेतकऱ्यांची एकच तक्रार आहे, कापणीआधीच शेंगा तडकतात आणि बी सांडतं. म्हणून ती चिमटा घेऊन पुन्हा वाफ्यात बसलीय. बांधावर छत्री धरून नणंद उभी असते आणि “वाकून बसू नकोस, कंबर धरेल,” म्हणून सारखी ओरडत असते.