सुंदर चेष्टा

सरोजताई पागे आमच्या दुकानातल्या मराठी शेल्फसमोर उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून वाचायचा चष्मा काढला, स्वतःच्या कादंबरीखाली लावलेलं कार्ड वाकून वाचलं, आणि मान न वळवताच विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी, काकू."

शाबासकी येणार म्हणून माझे कान आधीच गरम झाले होते.

"कुणी सांगितलं म्हणून लिहिलंस, की मनापासून?"

"अगदी मनापासून."

"कादंबरी पूर्ण वाचलीस?"

"दोनदा."

"बरं," त्या म्हणाल्या. "तोंडावर खरं बोललीस, हे चांगलं केलंस."

चष्मा मिटून त्यांनी पर्समध्ये टाकला. शनिवारी त्या आमच्याकडे वाचन करणार होत्या, आणि बसायची जागा कशी आहे ते बघायला मुद्दाम आल्या होत्या. जागा न बघताच त्या निघून गेल्या. मी मात्र पूर्ण दुपार त्यांचं शेवटचं वाक्य कौतुक समजून मनात घोळवत होते.

मी इंदूरच्या एका पुस्तकांच्या दुकानात काम करते. दुकान मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं. मागच्या बाजूला हिंदी, आणि जिन्याच्या खाली मराठीचं एक शेल्फ. ते माझ्याकडे आलं ते केवळ आडनावामुळे. आमचे मालक मनीष भिया (इंदुरात भैयाचं भिया होतं) एक दिवस म्हणाले, "रेवा, तू तो महाराष्ट्रीयन है ना? आज से ये तेरा डिपार्टमेंट." माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालंय, मराठी फक्त घरी बोलते आणि वाचताना ओठ हलतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी सहसा कुणाला काहीच सांगत नाही. मुकाट्याने एकेक पुस्तक घरी नेऊन वाचू लागले.

आमच्या धंद्यात शेल्फ-टॉकर नावाची एक वस्तू असते. पुस्तकाच्या खाली फळीच्या कडेला चिकटवलेलं पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्यावर दुकानातल्याच कुणीतरी हाताने दोन ओळी लिहायच्या, की हे का वाचावं. गिऱ्हाईक जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, पण हस्ताक्षरावर ठेवतं. आणि आमच्याकडे बरीच माणसं एकच गोष्ट मागतात. गोष्ट कशीही असो, लिहिलंय सुंदर असं कुणी सांगा. मारामारी नको, रहस्य नको, भाषा हवी. इंग्रजीत अशी नावं मी झोपेतही सांगू शकते. मराठीत मला एकच नाव माहीत होतं, आणि ते मी स्वतः शोधलं होतं म्हणून मला त्याचा जरा जास्तच गर्व होता.

सरोजताई आमच्या इंदूरच्याच. 'तिसरी खुंटी' ही त्यांची एकुलती एक कादंबरी, फार वर्षांनी पुन्हा छापून आलेली. तिच्यात एक बाई गॅस सिलिंडरची वाट बघत दारात बसलेली आहे. दोन पानं ती नुसती बसून राहते. गाडी येते, सिलिंडर येतं, बाई सही करते. यात रडण्यासारखं काही नाही. पण सही करताना तिचा हात थांबतो तिथे मी पुस्तक पालथं ठेवून उठून गेले होते. एवढ्या साध्या वाक्यांनी हे कसं केलं ते मला अजून कळलेलं नाही.

मनीष भियांनी त्यांना फोन करून वाचनासाठी तयार केलं. त्या बरीच वर्षं लोकांसमोर बसल्या नव्हत्या. नवी कादंबरी लिहून ठेवलीय, पण प्रकाशकाकडे पाठवायचा धीर होत नाही, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. शनिवारी त्यातलं एक प्रकरण वाचून बघणार होत्या. लोकांना भिडलं तर पुस्तक पाठवणार.

त्या वाचनासाठी मी ते कार्ड लिहिलं होतं.

संध्याकाळी घरी मी आईला सांगितलं, "सरोजकाकू म्हणाल्या, खरं बोललीस."

आई पोळ्या लाटत होती. "काय लिहिलं होतंस असं?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. निळ्या शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात: 'मराठी गद्याची एक सुंदर चेष्टा. जरूर वाचा.'

आईचं लाटणं थांबलं. "रेवा, चेष्टा?"

"हो. कोशिश. प्रयत्न फार साधा वाटला, म्हणून जरा भारी शब्द घेतला."

"अगं ती हिंदीतली चेष्टा! मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. थट्टा. खिल्ली." आईला आधी हसू आलं. मग तिला सरोजताई आठवल्या असाव्यात, कारण तिने लाटणं खाली ठेवलं. "आणि त्यांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

"अगदी मनापासून," मी म्हणाले.

तवा जळत होता. आईने गॅस बंद केला.

शाळेत हिंदीच्या मॅडम माझ्या निबंधाखाली 'सराहनीय चेष्टा' लिहायच्या. माझ्या डोक्यात तो शब्द मेडलसारखा बसला होता. मराठीतही तो आहे, हे मला नक्की माहीत होतं. तिथे तो वेगळंच काम करतो, हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड काढलं आणि मनीष भियांना सांगितलं. त्यांना पटेचना. "चेष्टा में क्या गलत है यार? अच्छी ही तो बात है."

"सर, मराठीत त्याचा अर्थ मजाक उडवणं."

"मतलब तूने उनका मजाक उडाया?" ते खुर्चीत मागे टेकले. "और उन्हीं के सामने बोला, दिल से लिखा है? गजब है भिया." मग हसू आवरून म्हणाले, "जा, माफी माँग के आ. शनिवार कॅन्सल नहीं होना चाहिए."

सरोजताई अन्नपूर्णा भागात राहतात. दार त्यांनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा बदलला नाही. तेच जास्त लागलं. जेवणाच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा होता, त्याला दोरी बांधत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, मध्येच इंग्रजीत. शाळा, मॅडम, मेडल.

त्यांनी दोरीची गाठ मारली. "म्हणजे तुला म्हणायचं होतं, सुंदर प्रयत्न?"

"हो, काकू! तेच."

"मग तेही वाईटच आहे गं."

"ते कसं, काकू?"

"सुंदर प्रयत्न कुणाला म्हणतात? ज्याला जमलं नाही त्याला. शर्यतीत शेवटी आलेल्या पोराला म्हणतात, शाबास, छान प्रयत्न."

इथपर्यंत मला एका शब्दाची लाज वाटत होती. आता दोन्ही अर्थांची वाटू लागली. मी सुंदर भाषेची शिफारस करायला निघाले होते, आणि माझी ओळ कुठूनही धरली तरी अपमानच हाताला लागत होता.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा घेशील? घाबरू नकोस, मी रागावलेली नाही. कादंबरी पहिल्यांदा छापली तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या माणसाने लिहिलं होतं, ही बाई मराठी लिहिते की हिंदीचं भाषांतर करते? माझे सगळे इंदुरी शब्द त्याने एकाखाली एक काढले होते. तुझं कार्ड वाचून मला वाटलं, चला, आता आपल्या गावची पोरगीही तेच म्हणतेय."

"काकू, मला तर तेच शब्द आवडले."

"मग ते लिहायचं. काय आवडलं ते."

मी सिलिंडरबद्दल सांगितलं. नीट सांगता आलं नाही. हात थांबतो, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. चहा झाल्यावर मी विचारलं, "शनिवारी याल ना?"

"नाही. भीती तुझ्या कार्डाने आणली नाही, रेवा, ती होतीच. कार्डाने तिला बसायला खुर्ची दिली." गठ्ठा उचलून त्यांनी कपाटात ठेवला.

"लोकांना काय सांगू?"

"तुझं काम आहे ते. पण माझी तब्येत बिघडली असं सांगू नका. मी ठणठणीत आहे."

शनिवारी मनीष भिया नेमकं तेच म्हणाले. "बोल दे तबीयत खराब है, बात खतम."

"नाही सर. त्यांनी मना केलंय."

"तो तू जान."

मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या भरल्या होत्या. बहुतेक सगळे मराठी, बहुतेक माझ्या आईहून मोठे. मला चार माणसांत पाणी मागायलाही जड जातं. मी उभी राहिले आणि सांगितलं की सरोजताई येणार नाहीत, कारण मी त्यांच्या पुस्तकाखाली असं असं लिहिलं. वाक्य पूर्ण वाचून दाखवलं. मग सगळे हसले, चांगले खदखदून. मागच्या एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अरे देवा! छापून लावलंस?"

"हाताने लिहून लावलं," मी म्हणाले. त्यावर ते आणखी हसले.

हसणं थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "ते ठीक आहे. पण पुस्तक कसं आहे ते सांग ना."

मला विशेषण सुचेना. सुचलं असतं तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता. मी पुस्तक उघडलं आणि सिलिंडरचं पान वाचू लागले. अडखळत, बोट ठेवून. दोन जोडाक्षरं त्या मागच्या काकूंनी दुरुस्त केली. हात थांबतो तिथे आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. त्या काकू तर खिडकीकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी 'तिसरी खुंटी'च्या होत्या तेवढ्या प्रती गेल्या. मनीष भिया खूश झाले, म्हणाले, हर महीने एक गलती कर. मी सरोजताईंना फोन करून सगळं सांगितलं, लोक हसले तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि "वाचलंस ते चांगलं केलंस" म्हणून फोन ठेवला. यावेळी त्या वाक्याचा मी काहीच अर्थ लावला नाही. त्या अजून दुकानात आलेल्या नाहीत. कपाटातल्या गठ्ठ्याचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत नाही.

सुंदर लिहिणाऱ्यांची नावं लोक अजूनही मागतात. मी कार्डावर लेखकाचं नाव लिहिते आणि खाली पानाचा आकडा: 'हे पान इथेच उभ्याउभ्या वाचून बघा.' भाषा खरंच सुंदर असेल तर तेवढं पुरतं. नसेल तर गिऱ्हाईक पुस्तक परत ठेवतं, आणि निदान त्यात माझी मराठी आडवी येत नाही.