बंद मिलचा भोंगा

१९७६ साल. मी एकतीस वर्षांचा होतो आणि सोलापुरातल्या एका मिलमध्ये बॉयलरवर होतो. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण अर्धं गाव माझ्या भोंग्यावर घड्याळ लावायचं, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो.

आधी पाकिस्तानशी लढाई झाली. जिंकलो, पेढे खाल्ले. मग धान्य महागलं, संप झाले आणि आणीबाणी आली. दिल्लीचं म्हणणं एकच, सगळं सुरळीत चाललेलं दिसलं पाहिजे. जिथं दिसणार नाही तिथल्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. त्यामुळं साहेब वरच्या साहेबाला भ्यायचा आणि ते भ्या खाली आमच्यावर काढायचा.

आमच्या मिलला तेव्हा कुलूप होतं. कापूस नाही म्हणून मालकानं बंद ठेवलेली. बॉयलरच्या राखणीला मी एकटा. एका दुपारी सरकारी साहेब जीपमधून आले. आज वरचा बडा माणूस विश्रामगृहात मुक्कामाला आहे, उद्या सातचा भोंगा वाजव, म्हणाले. मिल बंद आहे, म्हणालो. म्हणूनच, म्हणाले.

आता आमच्या चाळीतला माणूस भोंगा झाला की विचारत बसत नाही. फडक्यात भाकरी बांधतो आणि निघतो. गेटावर तर चार माणसं जमली तरी पोलीस उचलून न्यायचे. मी तसं सांगितलं. साहेबांना ते ठाऊक होतं.

"माझा भोंगा खोटं बोलत न्हाय, साहेब."

"मग तू आत जाशील, आणि भोंगा दुसरा कुणी वाजवेल," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पोरंबाळं आहेत ना तुला? मलाही आहेत."

घरी बायकोला सांगितलं. मी वाजवणार नाही म्हणालो.

"तुमी आत गेल्यावर लेकरं काय भोंगा खाणार व्हय?" ती म्हणाली.

मी ताट सरकवलं. तिनं भरलेली घागर मोरीत ओतली आणि पाण्याला म्हणून नळावर गेली. लई वेळानं आली. नळावर तिनं बायकांना काय सांगितलं ते मला शेजारणीनं रात्रीच सांगितलं : "उद्याचा भोंगा आपला न्हाय, निजून ऱ्हावा."

पहाटे बॉयलर पेटवला. साताला साखळी ओढली, मिल चालू असताना ओढायचो तितकीच. मग गेटावर जाऊन उभा राहिलो. पोलीस लाठ्या घेऊन बसलेले, रस्ता मोकळा. एकच म्हातारा जॉबर, खात्यावरचा मुकादम, आला. तो चाळीत राहायचा नाही, त्याला निरोप पोचला नव्हता. भाकरी घेऊन आलेला. पोलिसांच्या देखत त्याचा हात धरला आणि माझा नातेवाईक म्हणून त्याला आत नेलं. बॉयलरपाशी बसून दोघांनी ती भाकरी खाल्ली.

नंतर साहेब आले, खुशीत. बड्या माणसानं भोंगा ऐकला, चहा घेतला आणि काही न विचारता पुढं गेला.

"आता रोज वाजवायचा," साहेब म्हणाले.

"कुटवर?"

"मी सांगेपर्यंत."

एका दिवसाचं बायकोनं नळावर निभावलं होतं. रोज कोण निजून राहील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉयलर पेटवला नाही. भोंग्याची साखळी सोडवून पिशवीत घातली, आणि बायकोला, लेकरांना घेऊन आमच्या गावाकडं, वळसंगला जाणाऱ्या पहिल्या एसटीत बसलो.