ऑब्री केलचं नाव

विल्फ बर्केट उत्तर इंग्लंडातल्या शॅपच्या डोंगरावरचा, मेंढ्या पाळणाऱ्या घरातला. बाप लवकर गेला. आईनं तीनशे मेंढ्या आणि एक मुलगा एकटीनं सांभाळला. मेंढ्या राहिल्या, मुलगा नट व्हायला लंडनला निघून गेला.

तिथे कॅम्डन भागात मिसेस पिनॉकच्या घरात त्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. खोलीत आधीपासून रॉडी होता. तोही नटच, म्हणजे आठवड्यातून एकदा बेकारांच्या रांगेत उभा राहायचा आणि उरलेले सहा दिवस स्वतःच्या अभिनयाचं कौतुक करायचा. हिवाळ्यात दोघं ओव्हरकोट घालूनच झोपत. जेवण बहुतेक चरबी फासलेला भाजका पाव.

१९६८च्या ऑक्टोबरात विल्फला पहिलं काम मिळालं. एका छोट्या थिएटरात, तीन वाक्यांचा पोलीस. पण नटांच्या युनियनमध्ये नोंद झाल्याशिवाय रंगमंचावर पाय ठेवता येत नसे. तिथल्या कारकूनबाईंनी यादी चाळली.

"विल्फ बर्केट आधीच आहेत. मोरकमला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करतात. एका नावाचे दोन नट आम्ही ठेवत नाही. उद्यापर्यंत दुसरं नाव आणा."

संध्याकाळी खालच्या दारापाशीच त्यानं रॉडीला हे सांगितलं. तिथे भिंतीवरच्या फळीत जुन्या भाडेकरूंची पत्रं धूळ खात पडलेली असत. रॉडीनं त्यातलं एक उचललं.

"ऑब्री केल. वा! नुसतं ऐकूनच पडदा वर जाईल. घेऊन टाक, वर पत्रं फुकट."

"कोण हा?"

स्वयंपाकघरातून मिसेस पिनॉक म्हणाल्या, "तुमच्याच खोलीत होता. तुझ्याच पलंगावर, विल्फ. पाच वर्षं कामाची वाट बघितली बिचाऱ्यानं. मग हवापालटाला म्हणून उत्तरेकडे गेला आणि तळ्यात उतरला. कपडे काठावर सापडले. तो नाही सापडला."

"म्हणजे नाव रिकामं आहे," रॉडी म्हणाला आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसला.

विल्फला ते बरं वाटलं नाही. पण सकाळपर्यंत दुसरं काही सुचलंही नाही. कारकूनबाईंनी पाहिलं, केलचं नाव केव्हाच खोडलेलं होतं. त्यांनी ते पुन्हा लिहून घेतलं.

थिएटरात कपडेपट सांभाळणाऱ्या म्हातारीनं माप घ्यायला फीत काढलीच नाही. खोक्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड उपसलं.

"केल. गळा साडेसोळा इंच."

"माझा पंधरा आहे," विल्फ म्हणाला.

"बघू या की."

साडेसोळाच्या मापाच्या पोलिसी कोटाची कॉलर त्याच्या गळ्यावर बरोबर बसली. म्हातारीनं खांद्यावरची धूळ झटकली. "बऱ्याच दिवसांनी आलात, मिस्टर केल."

त्यानंतर कामं येतच राहिली. दिग्दर्शक म्हणत, तुम्हाला आधी कुठंतरी पाहिलंय. रॉडी जळून म्हणे, "त्या बुडालेल्याच्या वाट्याची कामं आत्ता पोचतायत, टपालासारखी उशिरा. सही तू करतोयस एवढंच."

आई दर रविवारी गावातल्या फोनवरून बोलायची. एका रविवारी मिसेस पिनॉकचा आवाज जिन्यात ऐकू आला. "इथे विल्फ कोणी नाही हो, बाई." तो धावत खाली आला, फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"आई! मी बोलतोय."

पलीकडे नुसता वारा. मग, "कोण बोलतंय?"

"मी, विल्फ."

"सर्दी झालीय का तुला? आवाज ओळखू येत नाही."

त्यानं मग नावाची गोष्ट सांगितली. ऐकून आई म्हणाली,

"आपल्या मेंढ्यांना डाव्या खांद्यावर लाल पट्टा. दुसऱ्याच्या पट्ट्याचं जनावर आपल्यात शिरलं तर आपण काय करतो?"

"ज्याचं त्याला परत."

"मग? स्वतःचं नाव परत घे, बाळा. माणसं पट्टा बघूनच हाकतात."

ते त्याच्या मनात घर करून बसलं. त्यातच उन्हाळ्यात चित्रपट मिळाला. दोन बेकार नट डोंगरात सुट्टीला जातात आणि त्यांची फजिती होते, अशी विनोदी गोष्ट. चित्रीकरण शॅपजवळच्याच खिंडीत. आई जवळच्या पेनरिथ गावातल्या चित्रपटगृहात बसलेली असेल आणि पडद्यावर 'विल्फ बर्केट' ही अक्षरं येतील. एवढंच त्याला हवं होतं. गुरुवारी तो युनियनमध्ये गेला.

"नशीब आहे तुमचं," कारकूनबाई म्हणाल्या. "मोरकमचे ते बाहुल्यांवाले बर्केट मंगळवारी वारले. नाव मोकळं झालंय. फक्त तुम्हाला आधीपासून विल्फ बर्केट म्हणून ओळखणाऱ्या माणसाची या कागदावर सही आणा. चित्रीकरण सोमवारी ना? ते सुरू होण्याआधी सही झालेली हवी, कागद मागाहून पाठवलात तरी चालेल. नाहीतर केल हेच कायम."

रॉडीनं पेन घेतलं, कागद वाचला आणि मान वर केली.

"हे काय नवीन सोंग, ऑब्री? विल्फ कोण?"

"चेष्टा पुरे."

रॉडी हसला नाही. हसण्याची वाट बघत विल्फ तिथेच उभा राहिला. मग खाली गेला. मिसेस पिनॉकनी चष्मा लावून कागद पाहिला आणि परत दिला. "माझ्या घरात पाच वर्षं झोपलास, केल. मला काय शिकवतोस?"

आता आई तेवढी उरली. त्यानं तिला तार केली: सोमवारी सकाळी आठला खिंडीपाशी ये, सही हवी आहे, विल्फ.

सोमवारी खिंडीत धुकं दाटलं होतं. रबरी बूट, डोक्याला रुमाल, हातात काठी. आई दगडी कुंपणाच्या कडेनं आली. तो पुढे झाला. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, दुसऱ्या कुणाला शोधावं तशी.

"आई."

"तार तुम्ही केलीत का?" ती म्हणाली. "म्हटलं बघावं तरी, आमच्या पोराचं नाव लावून तारा कोण पाठवतंय."

"अगं, मीच विल्फ!" त्यानं कागद तिच्या हातात दिला.

"असं बोलू नये, साहेब. विल्फ घरी आलाय."

"कधी?"

"मंगळवारी पहाटे. अंगावर चिंधी नाही, नखशिखांत भिजलेला. पाऊस तर नव्हता. फार बोलत नाही. विस्तवापाशी बसवलंय, पण हात काही तापत नाहीत. कुत्रं त्याच्या जवळ जात नाही." तिनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "पण नाव विचारलं तर लगेच सांगितलं. आईनं आणखी काय विचारायचं?"

लहानपणी कुंपणावरून पडून हात मोडला होता, कोणता हात आणि कुणी बांधला, ते सांगायला त्यानं तोंड उघडलं. डोळ्यांपुढे भलतंच आलं. विटांचं एक घर, कोपऱ्यात पियानो आणि कुणी अनोळखी बाई हाक मारतेय: ऑब्री, जेवायला चल.

"मिस्टर केल!" कॅमेऱ्याकडून कुणी ओरडलं. "तयार आहात?"

"आलो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"जा," आई म्हणाली. कागद तिनं सही न करताच नीट घडी घालून त्याला परत दिला. "तुमची माणसं थांबलीत. मलाही जायला हवं, लापशी ठेवून आलेय."

ती धुक्यात दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं उताराकडून तिची हाक आली. "विल्फ!"

तो गर्रकन वळला. पण त्याच्या आधीच खालून कुणीतरी ओ दिली.