त्या घरावरचा शिंपला

मला माझ्या तोंडाचा फार अभिमान होता, म्हणजे ते बंद ठेवता येतं याचा. मसोलीत राहून बारा वर्षं मी डहाणू-तलासरीच्या गावांतून एचआयव्हीबद्दल बोलत फिरत होते. कुणाची तपासणी काय निघाली, कोण कुठे गोळ्या घ्यायला जातं, यातलं अक्षरही माझ्या पोटातून बाहेर आलं नव्हतं. नवरा चिडवायचा, "तुझ्यापेक्षा बँकेचं लॉकर बरं, निदान मालकाला तरी उघडतं." मी खूश व्हायचे. मूर्खच होते.

त्या वर्षी आमच्या संस्थेत आम्ही ठरवलं की तरुण मुलांशी बोलायचं, पण भाषण ठोकायचं नाही. भाषणाला मुलं येतात, मोबाइल बघतात, वडापाव खातात आणि जातात. वरोरच्या बाजूचं किनाऱ्यावरचं एक गाव निवडलं. तिथले बरेच पुरुष मोसमभर गुजरातच्या बंदरांत बोटींवर असतात आणि मुलंमुली शिकायला डहाणू रोडला जातात. सोळा जण जमले. एका प्रशिक्षणात मी एक युक्ती शिकले होते: जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा आणि जिथे धोका वाटतो तिथे खूण ठेवायची. खुणेसाठी शिंपले घेतले, तिथे ते हवे तेवढे मिळतात.

मुलं रंगात आली. देऊळ नक्की कुठे काढायचं यावरूनच दोघांची जुंपली. मग शिंपले पडू लागले. एक बंदरावर, एक ताडी मिळते त्या वळणावर, दोन हायवेच्या ढाब्यांवर, एक स्टेशनजवळच्या लॉजवर. एकाने मित्राच्या घरावरच ठेवला, तेव्हा सगळे हसून लोळले. प्रत्येक शिंपल्याला मी विचारत होते, इथे का? आणि मुलं सांगत होती: इथे प्यायल्यावर निरोधाची आठवण राहत नाही, इथे नाही म्हणायची सोय नाही. इतकं मोकळं बोलणं मी त्या गावात कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी उठली. तासभर ती एक शब्द बोलली नव्हती. तिने गावाच्या टोकाच्या शेवटच्या घराला लागून शिंपला ठेवला. ते मावशीचं घर होतं.

मावशी म्हणजे मासळी विकणारी एक विधवा. नवरा वेरावळला बोटीवर खलाशी होता. तो टीबीने गेला, एवढंच गावाला माहीत होतं. त्याच्या मागे मावशीची तपासणी मीच करवली होती. दर महिन्याला ती रिक्षाने डहाणू रोडला यायची आणि मी तिच्यासोबत गोळ्या मिळतात त्या सेंटरवर जायचे. गोळ्या ती सुक्या जवळ्याच्या डब्यात पुरून ठेवायची, कारण त्या वासात कुणी हात घालत नाही. गोळ्यांनी ती ठणठणीत होती, डोक्यावर पाटी घेऊन चार गावं फिरायची. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाय, गावात कळू देऊ नको. माझ्या हातचा मासा कोण घेल मग?"

शिंपला तिथे पडला आणि माझं डोकं फिरलं. मी उठले, तो उचलला आणि ओरडले, "त्या बाईला यात ओढायचं नाही! आजारी माणसाच्या घरावर शिंपला? इतका वेळ काय सांगतेय मी?"

कुणी हसलं नाही. सोळा चेहरे माझ्याकडे बघत राहिले. ती मुलगी काहीतरी बोलणार होती, तिला मी हातानेच बसवलं. मग दहा मिनिटं मी समजावलं, की शेजारी बसल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, तिच्या हातचा मासा खाल्ल्याने तर मुळीच होत नाही. घरी येताना मला वाटलं, आज चांगलं काम झालं. नवऱ्यालाही तसंच सांगितलं, अर्थात नाव न घेता.

चार दिवसांनी ती मुलगी मला डहाणू रोडच्या रिक्षा स्टँडवर भेटली. बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मावशीच्या घरामागे मोडकी होडी हाय ना, तिथे पोरं पीत बसतात. पोरींना घेऊन जातात तिकडे. मी त्यासाठी ठेवला होता."

मी समोर आलेली रिक्षा जाऊ दिली.

"मावशीचं आम्हाला काय पण माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगितलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मी कुणाला बोलले नाही," ती म्हणाली, "पण आम्ही सोळा जण होतो."

दुसऱ्या दिवशी गावात गेले तर वरवर सगळं जिथल्या तिथे होतं. बायका दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते वाळायला बांबूच्या दांड्यांवर टाकत होत्या. मावशीचेही वाळत होते, फक्त तिच्या दांडीच्या दोन्ही बाजूंची एकेक दांडी रिकामी होती. दुपारी ती गावोगाव फिरून आली तेव्हा पाटी भरलेलीच होती. तिला कुणी वाकडं बोललं नाही. उलट सगळे फार गोड बोलत होते, जेवलीस का, दमलीस का. त्या गोड बोलण्याची मला भीती वाटली.

पुढच्या बैठकीला चाळीस मुलं आली, बसायला जागा पुरेना. अशा गर्दीसाठी मी वर्षानुवर्षं जीव टाकला होता. पहिला प्रश्न पुढच्या रांगेतून आला, अगदी अदबीने, वही उघडून: "ताई, गावात अजून कोण कोण आहे?" बाकीचेही उत्तराची वाट बघू लागले. ती मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. मी काहीतरी थातूरमातूर बोलून बैठक आवरली.

त्या महिन्यात मावशी गोळ्यांच्या तारखेला आली नाही. चार दिवस वाट बघून मी तिच्या घरी गेले. ती कोळंबी सोलत बसली होती. मला बघून तिला बरं वाटलं, चहा टाकला.

"सेंटरमधनंच फुटलंय, बाय," ती म्हणाली. "मी आता तिकडे पाय ठेवणार नाय. तुझ्याशिवाय कोनावर भरवसा नाय माझा."

"आणि गोळ्या?"

"संपल्या. गोळ्या खाऊन जगू, पन कोनासाठी?"

मी लगेच खरं सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चहा प्याले. दुसरा कपही घेतला. गप्प राहिले असते तर तिच्यासाठी मी चांगलीच राहिले असते, आणि ती त्या सेंटरला शिव्या देत गोळ्यांवाचून झिजली असती. शेवटी म्हणाले, "मावशी, सेंटरमधून नाही फुटलं. माझ्या तोंडून गेलं." सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "पोरांसमोर?"

"हो."

"किती होती?"

"सोळा."

तिने उरलेली कोळंबी सोलून संपवली, हात धुतले, माझा कप उचलून आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "आता तुम्ही जा, मॅडम." मला मॅडम म्हणायची तिची ती पहिली वेळ होती.

आठवड्याने गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भावाकडे गेली, उंबरगावच्या पलीकडे कुठेतरी. तशीच सेंटरवर गेले. तिथली समुपदेशक माझी जुनी ओळखीची. नेहमी मला बघताच खुर्ची ओढते. त्या दिवशी उभीच राहिली.

"तिने येऊन लिहून दिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं नाही. पुढच्या गोळ्या कुठून घेणार, घेणार की नाही, काहीच नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि बाहेर आले.

लिहून द्यायला ती स्वतः आली होती, म्हणजे त्या दिवशी तरी गोळ्या नेल्या असतील, एवढंच मी धरून बसले आहे. त्यानंतरचं मला कुणी सांगत नाही. सांगूही नये.