शमीमभाभीचा साफ फोटो

भोरच्या बाजारात बांगड्यांची दुकानं काय कमी होती? पण वेल्ह्याकडच्या बायका एसटीतून उतरल्या की तडक शमीमभाभीच्या सतरंजीवर. लग्नघरी चुडा भरायला बोलावणंही तिलाच. भाभी तोंडाची फटकळ. "भ्यायचं तर सासूला भी, बांगडीला कशाला भितीस?" असं नवरीलाही सुनावायची.

२००३ साली होळीपासून तिचे सांधे धरले. उन्हात गेलं की गाल लालबुंद, केस तर मूठमूठ हातात यायचे. ऊन बाधलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग कपाटातल्या बांगड्या तिच्याशी बोलायला लागल्या. तिला त्या स्पष्ट ऐकू यायच्या हो! कोण टपून बसलंय, कोण जेवणात विष कालवणार आहे, सगळं सांगायच्या. मार्गासनीला बनाबाई या जुन्या गिऱ्हाइकाच्या लेकीचा लग्नचुडा भरताना हातातल्या बांगड्या म्हणाल्या, ही पोरगी तुझा हात तोडणार. भाभीनं नवरीचा पंजा असा आवळला की बांगड्यांचा चुरा झाला आणि मांडवात रक्त सांडलं. कुणी म्हणालं वेड लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे.

नवरा लियाकत तिला पुण्याला घेऊन गेला. डॉक्टर नीरजांनी रक्त तपासायला पाठवलं आणि मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. त्या अरुंद यंत्रात भाभीला आडवं सरकवलं आणि जी ठोकाठोकी सुरू झाली, की विचारू नका. पण त्या गलक्यात बांगड्यांचा आवाज बुडाला. तिला वाटलं, इथंच राहावं.

"फोटोत काही नाही, नॉर्मल आहे," असं तिथल्या माणसानं सांगितलं. झालं! लियाकतनं नसरापूरला गाडी बदलताना पेढे घेतले. घरी सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "डोस्कं साफ हाय, मग ही बडबड कुठनं येती? म्हंजी बाहेरचंच." लियाकतला पटलं, बघा. हातात पुरावाच होता ना! डॉक्टरकडं परत जायचं राहून गेलं आणि मंडळी फोटो काखेत मारून ताईत बांधायला निघाली. भाभीला एकच काळजी. हे असंच राहिलं तर आपल्या हातात कोण हात देणार?

तेवढ्यात शेजारच्या वसंतरावांच्या दुकानात फोन आला. डॉक्टर नीरजांचा होता.

"रक्ताचे रिपोर्ट आलेत. तुम्ही का नाही आलात?"

"फोटो साफ हाय ना बाई," लियाकत म्हणाला.

"म्हणून काय झालं? या आजारात फोटो पुष्कळदा साफच येतो. फोटोत घर दिसतं हो, घरातलं भांडण दिसत नाही. आजच्या आज घेऊन या."

आजाराचं नाव ल्युपस. अंगातली राखण करणारी ताकद अंगावरच उलटते, आणि कधीकधी मेंदूलाही सोडत नाही. पाठीतलं पाणी काढून जंतू नाहीत याची खात्री केली, मग स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा पुरीसारखा फुगला, भाभी आरशाला शिव्या घालायची. पण हळूहळू बांगड्या गप्प झाल्या. एका सकाळी तिनं कपाट उघडून कान लावला. नुसती काच! तिथंच बसून ती पोटभर रडली.

दुकान उघडलं, पण बायका येईनात. लांबून "बरी हायेस ना?" विचारायच्या आणि पुढच्या दुकानात शिरायच्या. भाभी कपाटं पुसत बसायची. जीव जळायचा तिचा.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस बनाबाई समोर उभी राहिली. मागं तीच लेक, सातव्या महिन्यातली.

"हिरवा चुडा भर हिला."

भाभी म्हणाली, "दुसरीकडं भरा, बनाबाई. माझा आजार डोक्यापातुर गेलता. गोळ्या जन्माच्या हायेत."

"मग? माझ्या बीपीच्या काय महिनाभराच्या हायेत व्हय? तुझा आजार हुता तो, तू न्हवतीस. भर आता."

लेक सतरंजीवर टेकली, तिनं हात भाभीच्या मांडीवर ठेवला. तळव्यावर जखमेची पांढरी रेघ होती. भाभीनं रेघेवरून अंगठा फिरवला. तिनं पहिली बांगडी उचलली आणि भीतभीत पोरीच्या तोंडाकडं पाहिलं.

पोरीचं लक्षच नव्हतं. "आई, तिकडं कैऱ्या आल्यात बघ," म्हणत ती रस्त्याकडं मान वळवून बसली होती, आणि हात भाभीच्या हातात सैल पडला होता.