औषध नव्हे, दवाई

मारेगावची ऑर्डर हातात पडली तेव्हा आईनं आधी नकाशा मागितला आणि मग डोळ्याला पदर लावला. आम्ही साताऱ्याकडचे, कापूस म्हणजे देवाच्या वातीपुरता ठाऊक. शेतकी पदवीच्या जोरावर मी सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर झालो. बैलगाडीतल्या कापसात हात घालायचा, ओल आणि कचरा बघायचा आणि प्रत सांगायची. भाव आधीच पडलेले. मी प्रत उतरवली की समोरच्या माणसाचा चेहरा उतरायचा. मला त्या चेहऱ्यांची भीती वाटायची.

एका काकूंच्या घरी मागची खोली मिळाली होती. बदलीचा अर्ज आल्या आल्याच टाकला होता, तरी रोज त्यांना ऐकवायचो, "काकू, इथं जीव रमत नाही. मला नाही राहायचं." त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहायच्या.

एका शनिवारी एका म्हाताऱ्याचा कापूस ओला म्हणून खालच्या प्रतीत टाकला. तो भांडला नाही. "पाहू मंग, साहेब," एवढंच म्हणून गेला. भांडला असता तर परवडलं असतं. दिवसभर ते शब्द माझ्या कानातून जाईनात.

रविवारी दुपारी ताप भरला, वर खोकला. घरून आणलेल्या बाटलीतलं झाकणभर घशाखाली घातलं आणि अंगणातल्या काकूंना ओरडून सांगितलं, "औषध प्यालोय. झोपतो आता. मला उठवू नका." कडी लावली.

डोळा लागतो न लागतो तोच दारावर धडाधड. बाहेर दहा-पंधरा माणसांचा गलका. फटीतून पाहिलं तर कालचा म्हातारा सगळ्यांत पुढं, आणि शेजारचे पंप दुरुस्त करणारे चाचा हातात पहार घेऊन. माझी गाळण उडाली. म्हातारा माणसं जमवून आला होता! ओ दिली नाही. कॉटखाली शिरलो, खोटं कशाला बोलू. मी जितका गप्प, तितका बाहेरचा आरडाओरडा वाढत गेला. शेवटी कडी निखळली.

कुणीतरी पाय धरून मला बाहेर ओढलं. म्हाताऱ्यानं मागून डोकं पकडलं. संपलो, असं वाटलं, आणि काकूंनी मिठाच्या पाण्याचा तांब्या माझ्या तोंडात रिकामा केला.

"ओक पोरा, ओक! काहून पेला रे?"

भडभडून ओकलो. चाचांनी बाटली हुंगली, लेबल वाचलं आणि मटकन खाली बसले. "खाँसी की दवा है, भाभी."

काकूंनी मला एक थोबाडीत ठेवून दिली आणि रडायलाच लागल्या. "आमच्याकडं औषध म्हंजे फवाऱ्याचं जहर, समजलं? माह्या भावानं असंच सांगतलं होतं. औषध पेलो, झोपतो. मले वाटलं, तापाचं असन. मी झोपू देल्लं त्याले."

म्हातारा त्याच गल्लीतला, हाक ऐकून धावत आलेला. आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझं तोंड पुसत होता. "दवाई म्हनत जा, साहेब," तो म्हणाला. "आन् कापूस वल्लाच होता माहा."

संध्याकाळी चाचांनी कडी परत बसवून दिली. बदलीचा अर्ज मी काही मागे घेतला नाही, पण त्याच्या उत्तराची वाट बघणं सुटलं. पुढं दोन वर्षं तिथं काढली, आणि बरी काढली.

आता साताऱ्यात बायको कधी म्हणते, "औषध घेतलंय, पडते जरा," आणि दार लोटून घेते. मी दाराशी जाऊन हाक मारतो. ती चिडते. पण तिची ओ येईपर्यंत मी तिथून हलत नाही.