मालगाडीवरचा आकडा

पाचोऱ्याहून जळगावला येताना आमची गाडी थांबली आणि शेजारच्या रुळावर मालगाडी उभी दिसली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी चष्मा पुसला आणि तिच्या डब्यावरचा लांबलचक आकडा वाचायला घेतला: ३१०७९६४१२५२. एक सोडून एक अंकांची बेरीज त्या डाव्या हाताच्या बोटांवर करत होत्या, उरलेल्यांची उजव्या. मग त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"दोन्हीकडे वीस! म्हंजे अकरानी भाग जास हो!"

"बाकी?" शेंगा सोलायचं थांबवून त्याने विचारलं.

"शून्य शे!"

त्याचा चेहरा असा उजळला की मला ते पाहवेना.

मी कॉलेजात गणित शिकवतो. बाईंनी केलं ते मीही मनातल्या मनात केलं होतं. पण घरी असलं काही सांगायला गेलो की बायको म्हणते, "आधी जेवून घ्या." मुलगी तर कानातले इअरफोनसुद्धा काढत नाही.

न राहवून मी म्हणालो, "शेवटी बावन्न आहे, म्हणजे चारनेही जातो."

बाईंचे डोळे चमकले. "हो की!" म्हणत त्या लगेच नवऱ्याकडे वळल्या आणि शेवटचे दोनच अंक का पुरतात, हे त्याला समजावू लागल्या.

"तुम्हाला आवडतं का गणित?" मी त्याला जरा खोचकपणेच विचारलं.

"मले काई समजत नही, भाऊ. पन ती सांगस ना, तवय तिनं तोंड देखाले भारी वाटस."

बाई लाजल्या आणि त्याच्या ओंजळीतले दाणे खाऊ लागल्या. जळगाव अजून लांब होतं, तरी मी पिशवी उचलून दारापाशी जाऊन उभा राहिलो.